माझ्याकडच्या गोळ्या सासूबाईंना चालतील का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

तालुक्याच्या गावी एकत्र कुटुंबात राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एका वाचक ताईंचं हे पत्र. त्यांच्या सासूबाई ६८ वर्षांच्या, वजन ५२ किलो. मधुमेह जुना, बीपीची गोळी चालू. सोमवारी त्यांच्या उजव्या कुशीला, छातीखालून पाठीपर्यंत पुरळ उठलं. मंगळवारी संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांनी नागीण असल्याचं सांगितलं, चिठ्ठीवर ‘हर्पिस झोस्टर’ लिहिलं आणि व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस, असं दिलं. गुडघ्यांसाठी आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी सासूबाई या दुखण्यावरही दोन वेळा घेत होत्या. वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात झालेल्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कसं काम करताहेत ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.४ आलं होतं; तो रिपोर्ट फाइलीतच राहिला. गुरुवारी रात्री त्या बरळू लागल्या, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणाल्या, सकाळी उठताना तोल गेला. शुक्रवारी त्यांनी गोळ्या बंद केल्या: “मला गरम पडल्या.” मोठ्या नणंदेचं म्हणणं, गोळ्यांनी नागीण आत दबते आणि डोक्यात जाते, शेजारच्या गावात एक जण नागीण उतरवतो, वेटोळं पुरं व्हायच्या आत त्याच्याकडे न्या. धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे.

खरी घालमेल पुढे आहे. ताईंना स्वतःला तीन वर्षांपूर्वी जेनायटल हर्पिसचं, म्हणजे गुप्तांगावरच्या हर्पिसचं, निदान झालेलं आहे. नवऱ्याला माहीत आहे, सासरी बाकी कुणाला नाही. लक्षणं दिसली की त्या कपाटात लपवून ठेवलेल्या ॲसायक्लोव्हिर ४०० च्या गोळ्या घेतात. नणंदेने मोबाइलवर ‘हर्पिस’ शोधलं आणि “हा तर घाणेरडा रोग” म्हणून घरात कुजबुज सुरू झाली. एकच बाथरूम, कपडे एकत्र धुतले जातात. हे माझ्यामुळे तर झालं नाही ना, या धास्तीने त्यांना झोप नाही. त्या विचारतात: “माझ्या गोळ्या कमी पॉवरच्या आहेत, मला कधी त्रास झालेला नाही. त्या गुपचूप सासूबाईंना दिल्या तर चालतील का? की आता उशीर झाला?”

ताई,

तातडीचं होतं ते तुमचं पत्र वाचल्याबरोबर कळवलं होतं. तेच आधी इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात आज हीच वेळ असेल. तुमच्याकडच्या गोळ्या सासूबाईंना देऊ नका. बंद केलेल्या गोळ्याही आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. त्यांना आजच्या आज अशा दवाखान्यात न्या, जिथे रक्त तपासून काही तासांत रिपोर्ट मिळतो. चालू असलेली सगळी औषधं पाकिटांसकट पिशवीत घाला, गुडघ्याची गोळीसुद्धा. पुण्याचा रिपोर्ट आणि नागिणीची चिठ्ठी सोबत असू द्या. डॉक्टरांसमोर “जरा अशक्तपणा आलाय” असं मोघम बोलू नका. रात्री बरळल्या, भिंतीवर मुंग्या दिसल्या, सकाळी तोल गेला, हे जसंच्या तसं सांगा.

आता जरा सविस्तर बोलू.

सासूबाई म्हणतात गोळ्या गरम पडल्या. नणंद म्हणतात नागीण डोक्यात गेली. तुम्ही लिहिलंय की दुखण्याने झोप नव्हती, वय झालंय, म्हणून बरळल्या असतील. तिघींमध्ये मला सासूबाईंचं म्हणणं जास्त धरून वाटतं. गरम-थंड सोडा, पण गोळी सुरू झाल्यापासून आपल्याला काहीतरी वेगळंच होतंय आणि ते गोळीनेच होतंय, हे त्यांनी बरोबर ओळखलं असण्याची दाट शक्यता आहे. म्हातारं माणूस औषधाबद्दल तक्रार करतं तेव्हा “डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का” म्हणून गप्प करण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. नशीब, त्या गप्प बसल्या नाहीत.

व्हॅलासायक्लोव्हिरचं शरीरात गेल्यावर ॲसायक्लोव्हिर होतं आणि ते बाहेर पडतं मुख्यतः लघवीवाटे. मूत्रपिंडं ठणठणीत असली तर रक्तातलं औषध साधारण तीन तासांत निम्म्यावर येतं. ती जवळजवळ बंद पडलेली असली तर त्यालाच वीसेक तास लागू शकतात. मग पहिली गोळी पुरती बाहेर पडायच्या आत दुसरी येते, तिच्यावर तिसरी, आणि औषध अंगात साठत जातं. साठलेल्या औषधाचा मेंदूवर परिणाम होतो: गोंधळ उडतो, माणूस बरळतं, नसलेल्या गोष्टी दिसतात, हात थरथरतात, जीभ जड होते, कधी नुसतीच गुंगी राहते. हे बहुधा गोळ्या सुरू केल्यापासून एक ते तीन दिवसांत दिसू लागतं. तुमच्याकडे मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार रात्र. औषध शरीरातून निघून गेलं की बहुतेक माणसं काही दिवसांत पूर्ववत होतात. फारच साठलं असेल तर डायलिसिसने काढता येतं.

तरी हे असंच झालंय असं मी पत्रावरून ठरवणार नाही. मधुमेही माणसाची साखर घसरली तरी ते बरळतं. रक्तातलं सोडियम कमी झालं तरीही. आणि क्वचित नागिणीचा विषाणू खरोखरच मेंदूपर्यंत पोचतो. तेव्हा हेच औषध शिरेतून, दवाखान्यात दाखल करून द्यावं लागतं. एकीकडे औषध थांबवायचं, दुसरीकडे वाढवायचं, आणि वरून दिसणारी लक्षणं सारखीच. म्हणून रक्त तपासा म्हटलं.

पत्रात तुम्ही लिहिलंय, “क्रिएटिनिन किंचित जास्त होतं, म्हणून फारसं लक्ष दिलं नाही.” हा आकडा फसवा असतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. सासूबाईंसारख्या बारीक, वय झालेल्या बाईच्या अंगात मुळात स्नायू कमी, त्यामुळे मूत्रपिंडं बरीच मंदावली तरी आकडा फारसा चढत नाही. म्हणून मूत्रपिंडं खरोखर किती काम करताहेत हे काढायला डॉक्टर एक साधं गणित करतात. १४० मधून वय वजा करायचं, उरेल त्याला वजनाने गुणायचं, त्याला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचं आणि बाई असेल तर उत्तराचे ८५ टक्के धरायचे. सासूबाईंचं वय ६८, म्हणजे उरले ७२. पुढचं गणित केलं की ३७ येतात, त्याचे ८५ टक्के म्हणजे जेमतेम ३२. तरुण, निरोगी माणसात हाच आकडा शंभरच्या आसपास असतो. ३० ते ४९ या टप्प्यात नागिणीसाठी व्हॅलासायक्लोव्हिर १००० तीनदा न देता दोनदा देतात. ३० च्या खाली गेलं तर दिवसातून एकदाच, आणि १० च्याही खाली गेलं तर तेवढंही नाही. ‘किंचित जास्त’ म्हणून सोडून दिलेला आकडा असा अगदी कडेवर आहे, आणि तोही काही महिन्यांपूर्वीचा.

हे गणित घरी डोस ठरवायला वापरू नका. मी ते लिहिलं ते एवढ्यासाठी की “किडनीचा रिपोर्ट बघून डोस ठरवायचा असतो ना?” असं डॉक्टरांना विचारताना भीड वाटू नये. साठीपुढच्या, मधुमेहाच्या, बीपीच्या किंवा किडनीच्या कुठल्याही रुग्णाला या गोळ्या सुरू होत असतील तर हा प्रश्न विचारायचाच. तुमच्या गावातल्या डॉक्टरांची यात चूक काढावी असं मला वाटत नाही. नागिणीला तीन वेळा ही गोळी हा नेहमीचा डोस आहे आणि पुण्याचा रिपोर्ट त्यांच्यासमोर गेलाच नव्हता. साखरेची फाइल एकीकडे, बीपीची चिठ्ठी पर्समध्ये, गुडघ्याची गोळी दुकानातून परस्पर. एका माणसाची औषधं एका टेबलावर एकत्र कधी येतच नाहीत. फोनमध्ये शेवटच्या किडनी रिपोर्टचा आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो ठेवला तर निम्मं काम होतं.

गुडघ्याची गोळी हा यातला मोठा भिडू आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर, विशेषतः त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर, हा परिणाम आणखी वाढतो. त्यात वरून नागिणीच्या गोळ्या, आणि पाणी कमी. पाणी कमी असणार हे मी गृहीत धरते, कारण रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर घोटभरही पाणी न पिणाऱ्या सासवा-आया घरोघरी आहेत. ॲसायक्लोव्हिरचे स्फटिक मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांमध्ये अडकू शकतात, म्हणून या दिवसांत पाणी पोटात जायलाच हवं. निर्जळ उपवास तर अजिबात नको. मात्र पायावर सूज असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर किती प्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. बीपीची गोळी आपणहून बंद करू नका; डायक्लोफिनॅक मात्र डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत थांबवा.

उशीर झाला का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हावं असं सांगतात, आणि ते तुमच्याकडे झालेलं आहे. एखादा दिवस खंड पडला म्हणून घेतलेलं औषध वाया जात नाही. मूत्रपिंडांचा रिपोर्ट पाहून डॉक्टर कमी डोसात उरलेले दिवस पुरे करायला सांगतील किंवा काही काळ थांबवतील. ज्यांचे ७२ तास उलटून गेले आहेत त्यांनीही “आता काय उपयोग” म्हणून घरी बसू नये. नवे फोड अजून येत असतील, डोळ्याजवळ असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर उशिरानेही औषध देतात. कपाळावर, पापणीवर आणि खास करून नाकाच्या शेंड्यावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे, नजर जाऊ शकते. कानात फोड आणि तोंड एका बाजूला वाकडं, हेही थांबण्यासारखं नाही.

“तीन दिवस गोळ्या घेऊन फोड वाढलेच आणि दुखणंही तेच” असं तुम्ही म्हणता. गोळी विषाणूची वाढ रोखते, झालेला फोड पुसून टाकत नाही. नवे फोड येणं तीन ते पाच दिवस चालतंच, सात ते दहा दिवसांत खपल्या धरतात आणि कातडी नीट व्हायला दोन ते चार आठवडे जातात. नसेचं दुखणं हे वेगळं प्रकरण आहे, त्याला वेगळं औषध लागतं. सुरुवातीला पॅरासिटामॉल, त्याने भागलं नाही तर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनसारखी औषधं डॉक्टर देतात. पण हीदेखील मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतात आणि त्यांनी झापड येते, चालताना झोक जातो. त्यामुळे सासूबाईंना ती सुरू झाली तर पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, आणि रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवायचा. पुरळ गेल्यावरही तीन महिन्यांहून जास्त दुखत राहिलं तर “नागिणीचं असंच असतं” म्हणून सोसू नये. त्यावर उपचार आहेत.

आता तुमची स्ट्रिप. ४०० हा आकडा १००० पेक्षा लहान म्हणून ‘कमी पॉवरची’, ही समजूत बऱ्याच जणांची असते. पण ही दोन वेगळी औषधं आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी तोलता येत नाहीत. ॲसायक्लोव्हिर तोंडाने घेतलं तर त्यातलं दहा ते वीस टक्केच रक्तात पोचतं. व्हॅलासायक्लोव्हिरमधून निम्म्याहून थोडं जास्त. शिवाय तुमचा विषाणू या औषधाला लवकर नमतो, नागिणीचा तितका नमत नाही. म्हणून नागिणीला ॲसायक्लोव्हिर द्यायचंच तर ते ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा द्यावं लागतं, म्हणजे दिवसाला ४००० मिलिग्रॅम. तुम्ही घेता तसं ४०० तीनदा म्हणजे १२००. एवढ्याने सासूबाईंची नागीण आटोक्यात येणार नाही आणि आधीच औषध साठलेल्या शरीरात भर मात्र पडेल. शिवाय गुपचूप दिलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या हिशेबात येणार नाहीत. उद्या त्या पुन्हा बरळल्या तर कारण शोधणारा माणूस अंधारात असेल.

पाच वेळांचं औषध ज्यांना मिळालंय त्यांच्यासाठी सोपी वेळ: सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११. रात्री उठवून द्यायची गरज नाही. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. मळमळत असेल तर खाऊन घ्या. एखादी गोळी राहून गेली तर आठवेल तेव्हा घ्या, पुढचीची वेळ होत आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. दुकानात १००० ची नसली तर ५०० च्या दोन देतात. अशा वेळी पाकिटावर ‘एका वेळी २’ असं मराठीत लिहून घ्या. चिठ्ठीवर ‘१’ लिहिलेलं आणि पाकीट ५०० चं, यातून निम्मा डोस किंवा दुप्पट डोस, दोन्ही घोळ होतात. दुकानदाराने “सोबत हे मलमही लावा” म्हणून ॲसायक्लोव्हिरची ट्यूब दिली तर पैसे वाचवा, नागिणीवर तिचा उपयोग नाही. गोळ्या चालू असताना लघवी कमी झाली, कंबरेत दुखू लागलं, अंगावर नवंच पुरळ उठलं, किंवा माणूस ‘नेहमीसारखं’ वाटेनासं झालं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अवयव बदललेल्यांनी किंवा एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांनी आपली यादी सुरुवातीलाच दाखवावी, त्यातल्या काहींचं या गोळ्यांशी पटत नाही.

हे सगळं ऐकून या औषधाचीच भीती वाटायला नको. त्याआधीची विषाणूविरोधी औषधं चांगल्या पेशींनाही झोडपत. ॲसायक्लोव्हिरला जागं करतं ते विषाणूचं स्वतःचं एन्झाइम, म्हणून ते मुख्यतः विषाणू असलेल्या पेशीतच काम करतं. अमेरिकेतल्या औषध-संशोधक गर्ट्रूड एलियन यांच्या गटाच्या संशोधनातून ते पुढे आलं. त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं, तेही पीएचडी न करता. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही ते आहे. मूत्रपिंडांचा हिशेब ठेवून घेतलं तर लाखो लोकांना ते बिनत्रास लागू पडतं. तुम्हालाही पडलंय.

आता ज्या गोष्टीने तुमची झोप उडाली आहे तिच्याबद्दल. हे तुमच्यामुळे झालेलं नाही. ‘बहुतेक’, ‘कदाचित’ असलं काही मी मध्ये घालत नाही. हर्पिस हे आडनाव आहे, आणि एका आडनावाचे सगळे एका घरचे नसतात. तुम्हाला आहे तो हर्पिस सिम्प्लेक्स. सासूबाईंना झालाय तो कांजिण्यांचा विषाणू. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो, आणि वय, मधुमेह, आजारपण अशा कारणांनी पन्नास-साठ वर्षांनीही जागा होतो. तो बाहेरून आलेला नाही, त्यांच्या अंगातच होता. आणि तुमचा विषाणू पसरतो तो कातडीला कातडी लागून. बाथरूममधून किंवा एकत्र धुतलेल्या कपड्यांतून नाही. नणंदेला उत्तर द्यायला एक वाक्य पुरे: “आईंना लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना, तेच हे.” बहुतेक सासवा लगेच दुजोरा देतात, कुठल्या वर्षी, कुणाच्या लग्नात आल्या होत्या तेही सांगतात. तुमच्या आजाराबद्दल सासरी काही सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही. ज्याला माहीत असायला हवं त्या नवऱ्याला माहीत आहे.

वेटोळ्याचं काय? नागीण ज्या नसेच्या मुळाशी असते ती नस शरीराच्या एकाच बाजूला जाते. म्हणून पुरळ कण्यापाशी सुरू होतं आणि पुढे छाती-पोटाच्या मधोमध येऊन थांबतं. तोंड आणि शेपूट एकत्र येत नाही ते यामुळे. उतरवणाऱ्याचं नावही यामुळेच होतं: वेटोळं पुरं होणार नसतंच, आणि दोन-चार आठवड्यांत खपल्या पडणारच असतात. त्यात दुखणं मागे राहिलं तर म्हणायचं, उशिरा आणलंत. पुरळ खरंच दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरलं तर ते गंभीर आहे आणि थेट इस्पितळात न्यायचं आहे. नणंदेशी भांडत बसू नका. आईची काळजी त्यांनाही आहे. “आधी दवाखाना, मग तुम्ही म्हणाल ते” एवढं म्हणा, आणि हे नवऱ्याच्या तोंडून जाऊ द्या. सुनेने सांगितलं की त्याचा वेगळाच अर्थ निघतो. अट एकच ठेवा: फुटलेल्या फोडांवर गेरू, दूर्वा-तांदळाचा लेप, राख काही लावायचं नाही. त्यात जंतू शिरले की मधुमेहात जखम चिघळते. साध्या पाण्याने धुऊन, टिपून, सैल सुती कपड्याखाली झाकून ठेवा.

झाकणं गरजेचं आहे ते धाकट्या जावेसाठी. नागिणीच्या फोडातलं पाणी लागलं तर दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणी त्या त्रासाच्या ठरतात. जावेला आजच विचारा. तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील किंवा लस झाली असेल तर काळजी नाही. नसतील, किंवा आठवत नसेल, तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत सासूबाईंची शुश्रूषा तिने करू नये, त्यांचा टॉवेल-कपडे हाताळू नयेत. आणि आधीच फोडांना हात लागला असेल तर वाट न बघता तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा. रक्त तपासून, लागलं तर वेळेत संरक्षक इंजेक्शन देता येतं.

नागिणीची लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस. महाग आहे. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते, पण पुरळ पूर्ण बरं झाल्यावर. कधी ते डॉक्टरांना विचारा.

शेवटी तुमच्या स्वतःच्या गोळ्या. टोचल्यासारखं, चुरचुरल्यासारखं वाटू लागलं की पहिल्याच दिवशी सुरू करता हे योग्य आहे. खपल्या धरल्यावर घेऊन उपयोग नाही. पण तीन वर्षं दुकानातून परस्पर स्ट्रिप आणताय, तेव्हा एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि तुमचंही क्रिएटिनिन बघून घ्या. वर्षातून सहा किंवा जास्त वेळा त्रास होत असेल तर रोज कमी डोसात गोळी घेऊन तो बराच कमी करता येतो. गोळी विषाणूला अंगातून घालवत नाही, फोड नसतानाही तो अधूनमधून बाहेर पडतो, म्हणून निरोधाबद्दल नवऱ्याशी बोलून ठेवा. आणि मूल होऊ द्यायचा विचार असेल तर पहिल्याच तपासणीत स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगा. ३६ व्या आठवड्यापासून ते बहुधा रोज गोळी देतील, आणि प्रसूतीच्या वेळी फोड असतील तर सिझेरियन करतील. त्या भेटीला सासूबाई सोबत येणार असतील तर डॉक्टरांना आधी फोन करून ठेवा. तपासताना बाकीच्यांना बाहेर बसवणं त्यांना नवीन नसतं.